ॲड्रेस बारमधली खुणेची अक्षरं

ग्वाल्हेरचे राजकवी भा. रा. तांबे यांच्याविषयी काही हवं म्हणून ब्राउझरच्या वरच्या पट्टीत, म्हणजे ॲड्रेस बारमध्ये, नुसतं 'तांबे' लिहून एन्टर मारा. तांब्याच्या भांड्यात रात्रभर ठेवलेल्या पाण्याचे फायदे, तेही हिंदीत, समोर आले तर नवल वाटून घेऊ नका. शोधयंत्राला तरी काय दोष द्यायचा? लिपी एक, अक्षरं तीच, आणि इंटरनेटवर हिंदी मजकूर मराठीपेक्षा कितीतरी जास्त. त्यात आपण बसलेलो मध्य प्रदेशात, आणि शोधयंत्र आपलं ठिकाणही विचारात घेतं. 'शिक्षा' लिहिलं तर दंडाऐवजी शिक्षण मिळतं, 'चेष्टा' लिहिलं तर थट्टेऐवजी प्रयत्न. 'राग' हा शब्द तर तानसेनाच्या गावात संतापासाठी शोधायलाच नको!

गंमत म्हणजे जिथे मराठीचं लेखन वेगळं आहे तिथे ही अडचण येत नाही. 'ग्वालियर' न लिहिता 'ग्वाल्हेर' लिहा, 'सिंधिया' न लिहिता 'शिंदे' लिहा, बरंचसं काम तिथेच होतं. पंचाईत होते ती दोन्ही भाषांत सारख्या दिसणाऱ्या शब्दांची. साहित्याच्या विद्यार्थ्याला नेमके तेच शब्द पुन्हा पुन्हा लागतात.

यावर उपाय असा, की सगळ्या इंटरनेटला विचारायचंच नाही. थेट मराठी विश्वकोशाला, मराठी विकिपीडियाला किंवा मोल्सवर्थच्या शब्दकोशाला विचारायचं. पण दर वेळी ते संकेतस्थळ उघडा, शोधाची चौकट हुडका, मग शब्द लिहा, याचा कंटाळा येतो आणि आपण पुन्हा गूगलकडे वळतो. म्हणून ब्राउझरला एक खूण शिकवून ठेवायची. वरच्या पट्टीत 'मोल', मग एक जागा सोडून 'राग' असं लिहिलं की ब्राउझरने सरळ मोल्सवर्थचं पान उघडावं. पट्टीतला पहिला शब्द आपण ठरवलेली खूण आहे का, एवढंच ब्राउझर बघतो. असली, तर पुढचा मजकूर त्या संकेतस्थळाच्या पत्त्यात ठरलेल्या जागी बसवतो आणि तिथे जातो.

ही ठरलेली जागा दाखवायची कशी, हाच यातला खरा भाग. आधी त्या संकेतस्थळावर जाऊन तिथल्याच चौकटीत काहीतरी निरर्थक इंग्रजी अक्षरं शोधा, समजा क्यू, डब्ल्यू, झेड. निरर्थक का, तर विकिपीडियावर नेमक्या नावाचा लेख असला तर तो थेट लेखावर नेतो आणि शोधाचा पत्ता हाती लागत नाही. आणि इंग्रजी का, तर पत्त्यात देवनागरीचं फार लांबण लागतं. 'राग' एवढ्या शब्दाचीही कॉपी करताना टक्क्याची चिन्हं आणि आकडे मिळून सत्तावीस चिन्हं होतात. आता निकालाच्या पानाचा पत्ता बघा, त्यात तुमची तीन अक्षरं कुठेतरी दिसतील. ती काढून तिथे टक्क्याचं चिन्ह आणि त्याला चिकटून लहान लिपीतलं इंग्रजी एस हे अक्षर घाला. झाला साचा तयार.

क्रोममध्ये सेटिंग्जमधल्या 'सर्च इंजिन' विभागात जाऊन 'साइट सर्च'च्या यादीत ॲड करायचं. नाव, शॉर्टकट आणि साच्याचा पत्ता अशा तीन चौकटी येतात. वापरताना खूण लिहून स्पेस किंवा टॅब दाबायचं, मग शब्द. फायरफॉक्समध्ये हाच पत्ता बुकमार्क म्हणून ठेवून त्याच्या 'कीवर्ड' चौकटीत खूण लिहिली तरी चालतं.

खूण देवनागरीतच ठेवा, नाहीतर तेवढ्यासाठी कीबोर्ड बदलत बसावं लागतं. पण 'मी', 'तो', 'का' असल्या खुणा नकोत. 'का' ही खूण ठेवलीत आणि एखादा प्रश्न 'का'पासून सुरू केलात, की तुम्ही भलत्याच दारात. आणि हौसेने वीस खुणा करू नका, लक्षात राहत नाहीत. माझ्या मते तीन-चार पुरे.

त्यात मोल्सवर्थ हवाच. शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संकेतस्थळावर तो फुकट आहे. मात्र ही १८५७ची दुसरी आवृत्ती, तेव्हा लेखनही त्या काळचं. तिथे 'नाव' शोधलंत तर होडी मिळेल. आपलं नाव हवं असेल तर 'नांव' असं अनुस्वार देऊन लिहावं लागेल. हे अनुस्वार १९६२च्या लेखननियमांनी गेले, आणि तांब्यांच्या काळातलं छापील पुस्तक वाचताना ते पावलोपावली भेटतात. जुना शब्द अडला तर आजच्या आणि जुन्या अशा दोन्ही लेखनांनी शोधून बघा. विश्वकोशाचं उलट आहे. वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली सुरू झालेलं हे काम शब्दार्थासाठी नाही, विषयाच्या माहितीसाठी. व्यक्ती, वाङ्मयप्रकार, इतिहास यासाठी तिथे जावं.

ज्या संकेतस्थळाला स्वतःची शोधाची चौकटच नाही, त्यासाठीही सोय होते. गूगलमध्ये इंग्रजीत 'साइट', मग कोलन, मग जागा न सोडता संकेतस्थळाचं नाव, आणि एक जागा सोडून ती निरर्थक अक्षरं लिहून शोधा. आलेल्या पत्त्यात वरचीच अदलाबदल करा. शोध गूगलच करेल, पण त्या एका संकेतस्थळापुरता.

या खुणा त्या त्या ब्राउझरमध्येच साठतात. ग्रंथालयातल्या सामायिक संगणकावर केल्यात तर त्या पुढच्या माणसाच्याही वाट्याला येतील, म्हणून त्या स्वतःच्या लॅपटॉपवर केलेल्या बऱ्या. आणि कालच वाचलेला लेख आज सापडत नसेल, तर खूण करायचीही गरज नाही. क्रोमच्या पट्टीत ॲटचं चिन्ह आणि त्याला चिकटून इंग्रजीत हिस्ट्री असं लिहून टॅब दाबा, मग शीर्षकातला आठवेल तो एक शब्द लिहा.