आडात आहे, पोहरा लहान

विजेच्या मोटारींचा विषय निघाला की लोडशेडिंगचे दिवस काढलेला माणूस हमखास विचारतो : एवढी वीज आणायची कुठून? प्रश्न रास्त आहे, म्हणून आधी हिशेब मांडू.

मध्यम आकाराची विजेची मोटार एका युनिटमध्ये साधारण सहा-सात किलोमीटर जाते. वर्षाला १२,००० किलोमीटर धरले आणि चार्जिंगमधील घट मिळवली, तर एका गाडीला सुमारे २,००० युनिट लागतात. अशा एक कोटी गाड्यांना २,००० कोटी. देशात वर्षाला १,७०,००० कोटी युनिटांहून अधिक वीज तयार होते. तारांमधली गळती धरूनही ही भूक दीड टक्क्याच्या आत राहते. आडात पाणी आहे.

पण वीज धान्यासारखी कोठारात फारशी साठवता येत नाही. वर्षाची बेरीज जुळली म्हणून संध्याकाळचे सात वाजताचे गणित जुळेलच असे नाही. याच एक कोटी गाड्या घरी परतताच ३.३ किलोवॉटच्या साध्या सॉकेटला एकदम लागल्या, तर मागणी ३३ गिगावॉटने वाढेल. ३० मे २०२४ रोजी देशाच्या मागणीने २५० गिगावॉटचा उच्चांक गाठला होता. त्याच्या एक अष्टमांशाहून हा भार अधिक. आणि नेमकी तेव्हाच सौरवीज मावळलेली असते.

मोठ्या वाहिन्यांची बाजू आता पुष्कळ सावरली आहे. जुलै २०१२ मध्ये वाहिन्यांवरचा भार अनावर होऊन उत्तर भारत अंधारात गेला होता. पुढच्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला सोलापूर–रायचूर या ७६५ केव्हीच्या वाहिनीने दक्षिणेचे जाळे उरलेल्या देशाशी जोडले गेले.

लहान आहे तो पोहरा, म्हणजे आपल्या गल्लीतली डीपी. सगळी घरे एकाच वेळी सगळी उपकरणे लावत नाहीत, या भरवशावर तिची क्षमता ठरते. २०० केव्हीएच्या डीपीवर ७.२ किलोवॉटचे २८ चार्जर एकदम चालले, तर लिफ्ट, पंप आणि दिव्यांना काहीच उरत नाही. शिवाय डीपी रात्री निवते. ती उसंत गेली की आतले इन्सुलेशन लवकर जीर्ण होते.

डीपी मोठी करता येते. पण तो खर्च वीजदरात मिसळला, तर ज्याच्या दारात सायकलही नाही त्यालाही तो भरावा लागतो. त्यापेक्षा वेळ बदलणे स्वस्त. केंद्राच्या नियमांनुसार १ एप्रिल २०२५ पासून शेती वगळता स्मार्ट मीटरच्या ग्राहकांना उन्हाच्या तासांतली वीज किमान २० टक्के स्वस्त मिळायला हवी. कचेऱ्यांच्या वाहनतळांवर दिवसा चार्जिंग, आणि सोसायट्यांत गाड्यांना आळीपाळीने वीज देणारे चार्जर, एवढ्याने आहे ती डीपी बऱ्याच गाड्यांना पुरेल.

हे अशक्य म्हणणाऱ्यांनी शेताकडे पाहावे. जाळ्याच्या सोयीसाठी महाराष्ट्रातला शेतकरी वर्षानुवर्षे रात्री उठून, विंचूकाट्यातून पंप सुरू करायला गेला. त्याला दिवसा वीज मिळावी म्हणून सौर कृषी वाहिनी योजना यायला २०१७ साल उजाडावे लागले. मोटार तर दिवसाचे बावीस तास उभीच असते. तिच्या मालकाला फक्त टायमर लावायचा आहे.