कार्ल्याच्या लेण्यात दीड तास

प्राचीन वास्तू पाहायला जाणाऱ्या आपल्या मंडळींचे ढोबळ मानाने दोन पंथ पडतात. पहिला पंथ गाईडला दुरूनच हात हलवून वाटेला लावतो. ‘त्यात काय सांगायचंय? दिसतंय ते पाहायचं!’ हे त्याचे ब्रीद. दुसरा पंथ गाईड घेतो. पण त्याच्याशी घासाघीस करण्यात जेवढा वेळ घालवतो, तेवढा त्याचे ऐकण्यात घालवीत नाही. दोन्ही पंथांची माणसे घरी परततात ती मात्र सारखीच. ‘फार भव्य आहे हो!’ हे एक वाक्य आणि शेपन्नास छायाचित्रे, एवढीच त्यांची कमाई.

मला स्वतःला एक तिसरा मार्ग मानवला आहे, आणि तो वाचकांपुढे ठेवावा म्हणून हा प्रपंच. एका दिवसात चार ठिकाणे उरकायची नाहीत. एकच वास्तू निवडायची, घरची चार माणसे न्यायची, जाणत्या माणसाला आधी निरोप धाडून बोलवायचे आणि त्याच्या स्वाधीन दीड तास व्हायचे. अशी एक छोटी, आपल्यापुरती सहल आम्ही कार्ल्याच्या लेण्याला केली. कार्ले म्हणजे काही हिमालयातले ठिकाण नव्हे. मुंबई-पुण्याच्या रस्त्यावर, लोणावळ्याच्या अंगाला, मळवली स्टेशनापासून जवळ. आपल्यापैकी निम्म्या लोकांनी ते ‘पाहिलेले’ असते. मीही पूर्वी दोनदा पाहिले होते.

बरोबर सासूबाई होत्या, आमचे हे होते, नणंद होती आणि तिचा बारा वर्षांचा मुलगा. सासूबाईंचा ओढा एकवीरेच्या दर्शनाकडे होता. ही देवी कोळ्यांची आणि कित्येक प्रभू कुटुंबांची कुलस्वामिनी. तिचे देऊळ लेण्याच्या अगदी तोंडाशीच आहे. त्यामुळे एकाच चढणीत दोन्ही कामे साधत होती. आमचे मार्गदर्शक म्हणजे तिकडच्याच एका प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. सारे त्यांना गुरुजी म्हणत, आम्हीही तेच म्हणू लागलो. हातात एक विजेरी, खांद्याला पाण्याची बाटली, आणि बोलणे असे की समोर नेहमी तिसरीचा वर्ग बसलेला आहे.

पायथ्याच्या वेहेरगावातच त्यांनी पहिला प्रश्न टाकला. “गावाचं नाव वेहेरगाव. का?” कुणी बोलेना. “विहार, विहाराचं वेहेर. भिक्षू गेले, नाव राहिलं.” पुढे चढताना त्यांनी आणखी एक नाव सांगितले. आज ज्याला आपण मावळ म्हणतो, त्या मुलखाचा उल्लेख वर कोरलेल्या लेखांत ‘मामाल’ या नावाने येतो. मराठी शिकवण्यात माझी वीस वर्षे गेली. पण पायऱ्या चढता चढता शब्दाच्या मागे दोन हजार वर्षे खाली उतरण्याचा हा अनुभव वर्गात येत नाही, हे सांगितले पाहिजे.

देवीचे दर्शन झाले, ओटी भरली. देवळाबाहेर येताच सासूबाई म्हणाल्या, “हे सगळं पांडवांनी एका रात्रीत कोरलं, असं आमची आजी सांगायची.”

गुरुजींनी मान डोलावली. “आजी, देवीची गोष्ट देवळात ऐकावी. ती खरी-खोटी करणारा मी कोण? पण लेण्याची गोष्ट लेण्यालाच विचारू. ते बोलतं.”

“म्हणजे माझी आजी खोटं सांगत होती?” सासूबाईंचा स्वर थोडा चढला. आमच्या ह्यांनी माझ्याकडे पाहिले. सहल इथेच विसर्जित होते की काय, असे मला वाटून गेले.

“नाही हो. तिला ते माणसाचं काम वाटेना, एवढंच. आत चला, तुम्हालाही वाटणार नाही.”

आत जाण्याआधी त्यांनी आम्हाला डाव्या हाताच्या उंच खांबापाशी उभे केले. हा सिंहस्तंभ. माथ्यावर चार सिंह पाठीला पाठ लावून बसलेले. त्यावरच्या ब्राह्मी अक्षरांत लिहिले आहे की, हा खांब गोतीचा मुलगा महारठी अग्निमित्रणक याचे दान आहे. दुसऱ्या बाजूला, जिथे आता देवीचे देऊळ आहे, तिथेही असाच एक खांब असावा असे जाणकार मानतात. मग ओसरीच्या भिंतीवरचा एक लेख दाखवला. वैजयंतीच्या भूतपाल नावाच्या शेठीने हे शैलघर पुरे केले, आणि साऱ्या जंबुद्वीपात ते उत्तम आहे, अशा अर्थाचा तो मजकूर. वैजयंती म्हणजे कर्नाटकातली बनवासी, असे बहुतेक विद्वान समजतात.

“जंबुद्वीपात उत्तम!” भाचा हसला. “स्वतःच स्वतःला पहिला नंबर दिला की!”

“आधी आत जाऊन बघ, मग हस,” गुरुजी म्हणाले.

आम्ही आत गेलो आणि खरोखरच कुणी हसले नाही. सुमारे १२४ फूट लांब आणि ४५ फूट रुंद असे ते दालन, उंचीही जवळजवळ रुंदीइतकीच. दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा खांबांच्या रांगा. त्यांच्या तळाशी घटाचा आकार, मध्ये अष्टकोनी दंड, वर गुडघे टेकून बसलेले हत्ती आणि हत्तींवर आरूढ झालेली जोडपी. शेवटी स्तूप, आणि त्याच्या मागे सात साधे खांब. एकूण सदतीस. भाच्याने ते मोजून खात्री करून घेतली. लेण्याचे तोंड पश्चिमेला आहे. उन्हे कलू लागली की दर्शनी भागाच्या घोड्याच्या नालासारख्या कमानीतून उजेड आत येतो आणि स्तूपाकडे सरकतो. गुरुजींनी मुद्दाम दुपारची वेळ का दिली होती, ते तेव्हा कळले.

“हे बांधलेलं नाही, हे लक्षात ठेवा,” ते सांगू लागले. “घर आपण खालून वर बांधतो. हे वरून खाली उतरवलंय. आधी छत, मग खांब, शेवटी जमीन. डोंगराचा दगड काढून टाकत गेले, आणि हवा होता तेवढा ठेवला. एक खांब बिघडला असता, तर दुसरा आणून बसवता आला नसता.”

सह्याद्रीचा तो काळा, कडक कातळ. हाताशी छिन्नी आणि हातोडा. त्यांनी विजेरी भिंतीला समांतर धरली, तेव्हा एरवी गुळगुळीत वाटणाऱ्या त्या भागावर छिन्नीच्या बारीक रेघा उमटल्या. प्रत्येक रेघ म्हणजे कुणाच्या तरी हाताचा एक घाव. सासूबाई चष्मा सावरून बराच वेळ त्या रेघांकडे पाहत राहिल्या.

मग विजेरी छताकडे गेली. छताला लाकडी कमानींच्या फासळ्या आहेत. त्या नकली नाहीत. लेणे कोरले तेव्हाचे लाकूड आजही तिथे आहे, स्तूपावरची छत्रीसुद्धा लाकडाचीच. गंमत अशी की या फासळ्या कशालाही आधार देत नाहीत. वरचा डोंगर स्वतःच्या बळावर उभा आहे. मग त्या कशाला? त्याआधी अशी दालने लाकडाची बांधली जात. दगडात कोरायची वेळ आली तरी कारागिरांच्या डोळ्यांपुढे लाकडाचेच घर होते. मातीच्या चुलीवर वाढलेल्या बाईला गॅसच्या शेगडीपुढेही फुंकणी आठवावी, तसेच हे.

यानंतर गुरुजींनी आम्हाला एकेका खांबापाशी नेले, आणि इथे सहलीचा खरा अर्थ उलगडू लागला. कित्येक खांबांवर नावे आहेत. लेखांची भाषा प्राकृत. पण ती ऐकताना मला परकी वाटेना. ‘शैलघर’ या शब्दातले ‘घर’ तिथे ‘घर’ असेच कोरले आहे. दोन हजार वर्षे झाली तरी आपण त्याचा एक काना बदललेला नाही. ‘सेठी’चा आपण शेठ केला. सुगंधी द्रव्यांचा व्यापारी तो ‘गंधिक’; त्याचेच पुढे गांधी झाले. सुताराला तिथे ‘वढकी’ म्हटले आहे, आणि विदर्भात अजूनही सुताराला वाढई म्हणतात. खांबाला शब्द आहे ‘थभो’, म्हणजे स्तंभ. आपला ‘थांबणे’ त्याच कुळातला.

नावे तरी कुणाची? मोठमोठ्या राजांची असतील असा आपला समज. राजकुळेही आहेत. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने इथल्या भिक्षूंच्या चरितार्थासाठी करजिक नावाचे गाव दिल्याचा लेख आहे. या जागेला त्यात वलूरक म्हटले आहे. पुढे सातवाहनांनी नहपानाची सत्ता मोडली, तरी ते गाव भिक्षूंकडेच राहावे अशी आज्ञा त्यांनीही इथेच कोरवली. राज्ये बदलली, भिक्षूंचा घास मात्र हलला नाही. पण खांब दिले ते बहुधा इतरांनी. सोपाऱ्याच्या सातिमित नावाच्या धर्मपाठकाचा एक खांब आहे. सोपारा म्हणजे आपले नालासोपारा, जिथून रोज हजारो माणसे लोकलने चर्चगेट गाठतात. धेनुकाकट नावाच्या गावच्या कित्येकांचे खांब आहेत, आणि त्यांतले काही स्वतःला यवन म्हणवतात. एकाचे नाव सिहधय, म्हणजे सिंहध्वज. समुद्रापलीकडून आलेल्या वंशातला माणूस, नाव इथले, दान बुद्धाच्या संघाला! सोपारा-कल्याणच्या बंदरांत उतरलेला माल घाट चढून देशावर जाई. त्या वाटेवरच ही लेणी आहेत. व्यापारी भिक्षूंच्या आसऱ्याला येत, भिक्षू व्यापाऱ्यांच्या दानावर जगत. धर्म आणि बाजार यांचे इतके सलोख्याचे नाते फार थोड्या ठिकाणी दगडात लिहिलेले सापडेल.

शेवटी गुरुजी परत दाराशी आले. तिथे धेनुकाकटच्याच सिंहदत्त नावाच्या गंधिकाचे दान नोंदवले आहे. आणि तिथेच दुसरी एक नोंद आहे : वेणुवासाचा मुलगा सामी, धेनुकाकटचा सुतार, याने दाराचे काम केले.

“बाळ, हा बघ,” ते भाच्याला म्हणाले. “बाकीच्यांनी पैसा दिला. ह्यानं हात चालवला. एवढ्या मोठ्या लेण्यात काम करणारा म्हणून ठळकपणे कळतो तो हा एक. छिन्नीच्या ज्या रेघा मघाशी पाहिल्यास, त्या काढणाऱ्यांची नावं कुणी लिहिली नाहीत.” मग ते सासूबाईंकडे वळले. “आजी, पांडवांची गोष्ट सांगितली की ऐकणाऱ्यांना बरं वाटतं. मला बक्षिसीही जास्त मिळते, खोटं कशाला बोलू? पण मग ह्या सामीचं एवढंसं नाव उरलंय, तेसुद्धा मी पुसल्यासारखं होतं. म्हणून मी सांगत नाही.”

सासूबाई काही बोलल्या नाहीत. बाहेरच्या भिंतीवरची स्त्री-पुरुषांची जोडशिल्पे पाहताना त्यांनी त्या बायकांच्या पायांतले जाड वाळे आणि पुरुषांची मुंडाशी बारकाईने न्याहाळली; शेजारच्या बुद्धमूर्ती कित्येक शतकांनंतर कोरल्या गेल्या, हेही ऐकून घेतले. पायऱ्या उतरताना मात्र त्यांनी भाच्याला हळूच विचारले, “काय रे, त्या सुताराच्या बापाचं नाव काय म्हणाले?”

“वेणुवास, आजी.”

“हं. बापाचंसुद्धा नाव लावलंन हो पोराने.”

मला वाटते, जाणत्या माणसाबरोबर घालवलेल्या दीड तासाचे मोल या एका वाक्यात आले. भव्यता पाहायला गाईड लागत नाही. ती डोळ्यांना आपोआप दिसते. पण भव्यतेपुढे माणूस नुसता लहान होतो. ‘हे आपल्यासारख्यांचे काम नव्हे’ असे म्हणून तो हात जोडतो, श्रेय पांडवांना देतो आणि मोकळा होतो. नावे वाचली की तेच लेणे जवळ येते. कुणी शेठ होता, कुणी अत्तरवाला, कुणी सुतार. त्यांनी मिळून, आपापल्या ऐपतीप्रमाणे, एकेक खांब करून हे उभे केले. आपल्या गल्लीतल्या वाचनालयाच्या भिंतीवर देणगीदारांची पाटी असते, तिचाच हा पूर्वज. आपल्या मुलांना इतिहास म्हणजे राजांच्या लढायांची जंत्री वाटत असेल, तर त्यांना एकदा अशा पाटीपुढे उभे करावे.

आता दिवाळीनंतर हवा कोरडी होईल, डोंगर अजून हिरवे असतील, शाळांना सुटी आहे. कार्ले झाले तर समोरच्या डोंगरात भाजे आहे, ते याहूनही जुने. घाई करू नका. एका दिवशी एकच पाहा. देवीच्या यात्रेची गर्दी असेल तो दिवस टाळा, आणि कार्ल्याला दुपारी उन्हे कलताना पोहोचा. तिथे गाईड ठरवताना दर विचारण्याआधी एकच प्रश्न विचारा : “इथे नावं कुणाकुणाची आहेत, ती दाखवाल का?” तो ‘हो’ म्हणाला, तर मागेल ते देऊन टाका. घासाघीस करायला भाजीबाजार आहेच.