मागच्या रांगेतल्या ओरिनबाई

ओरिन ओब्रायन यांच्यावर माहितीपट करायचा, तर पहिली अडचण खुद्द ओरिनबाईंचीच होती. भाची मॉली कॅमेरा घेऊन मागे लागलेली आणि आपल्यात सांगण्यासारखं काही आहे, हेच आत्याला मान्य नाही. शेवटी कशाबशा तयार झाल्या. ‘द ओन्ली गर्ल इन द ऑर्केस्ट्रा’ या जेमतेम ३५ मिनिटांच्या फिल्मला २०२५ मध्ये ऑस्कर मिळालं.

हा संकोच वरवरचा नाही. वडील जॉर्ज ओब्रायन म्हणजे १९२७ च्या ‘सनराइज’ या मूकपटाचे नायक, आई मार्गरिट चर्चिल ‘द बिग ट्रेल’मध्ये जॉन वेनची नायिका. प्रसिद्धीचं वारं घरातच वाहत होतं. मुलीने मात्र डबल बास हाती घेतला. माणसापेक्षा उंच वाद्य, आणि वाजवणारा त्याच्या आड!

१९६६ साली मात्र आड राहणं जमण्यासारखं नव्हतं. लिओनार्ड बर्नस्टाइन यांच्या कारकिर्दीत त्या न्यूयॉर्क फिलहार्मोनिकमध्ये आल्या, तेव्हा साऱ्या वाद्यवृंदात बाई त्या एकट्याच. आधी न्यूयॉर्क सिटी बॅलेच्या वाद्यवृंदात वर्षानुवर्षं वाजवून हात तयार झालेला. तरी एका बड्या साप्ताहिकाने दखल घेतली ती त्यांच्या बांध्याची, तीही वाद्याच्या वळणांशी तुलना करून. आज वाचतानाही संताप येतो.

बासवादकांच्या त्या मागच्या रांगेत नेमकं काय करावं लागतं? बेथोवनची पाचवी सिम्फनी घ्या. तिसऱ्या भागाच्या मध्यावर चेलो आणि बास एकदम धावत सुटतात. बासच्या तारा जाड; सगळ्यात खालची मोकळी तार सेकंदाला अवघी ४१ वेळा कंप पावते. असली तार बोलायला वेळ घेते. म्हणून गज तारेला आधीच घट्ट भिडलेला हवा, नाहीतर बास चेलोच्या मागे फरफटत जातो. नीट जमलं तर श्रोत्याच्या ते लक्षातही येत नाही. ओरिनबाईंनी असं ५५ वर्षं वाजवलं.

त्यातली १९७८ ते १९९१ ही वर्षं वाद्यवृंदाची धुरा मुंबईच्या झुबिन मेहतांकडे होती. व्हिएन्नात शिकताना मेहता स्वतः डबल बास वाजवत. मागच्या रांगेत उभं राहून आलेला माणूस समोर छडी घेऊन उभा असणं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

ओरिनबाईंचे गुरू फ्रेडरिक झिमरमन हेही फिलहार्मोनिकच्या बासवादकांतलेच. त्यांच्याकडून मिळालेलं बाईंनी ज्युलिअर्ड, मॅनहॅटन स्कूल ऑफ म्युझिक आणि मॅनेसमधल्या विद्यार्थ्यांना दिलं. २०२१ मध्ये त्यांनी वाद्यवृंद सोडला, शिकवणी सोडली नाही. फिल्ममध्ये स्वतःविषयी बोलताना अवघडणाऱ्या या बाई विद्यार्थी समोर आला की खुलतात. माझ्या मते ती दृश्यंच या फिल्मचा जीव आहेत.