पाटकऱ्याचे ज्ञान दप्तरी कसे आणावे

पांझरा नदी साक्री तालुक्यात उगम पावून धुळे शहरावरून पुढे तापीस मिळते. या नदीवर लहान बंधारे घालून फड पद्धतीने शेती भिजविण्याची रीत तीनशे ते चारशे वर्षांची असावी, असे मानले जाते. बंधाऱ्यापासून कालवा, कालव्यापासून चारी, चारीपासून शेतात जाणारी सारंग आणि जादा पाणी काढून देणारी सांडम, अशी तिची मांडणी आहे. भिजणाऱ्या क्षेत्राचे फड पाडलेले असून एका फडात एका हंगामी एकच पीक घेतले जाते. नदीस पाणी कमी असेल त्या वर्षी किती फड भिजवावयाचे, हे लाभधारकांचे पंच ठरवितात.

या पद्धतीत शेतकरी स्वतः पाणी भरीत नाही. ते काम पाटकऱ्याचे. हवालदार त्यावर देखरेख ठेवतो व जागल्या पिकाची राखण करतो. त्यामुळे कालव्यासंबंधीचे बहुतेक ज्ञान पाटकऱ्याच्या डोक्यात साठते. खेकड्यांच्या बिळांमुळे पाट कोठे पाझरतो, पूर आल्यास कोणती सांडम प्रथम उघडावी, काळ्या रानास किती वेळ व मुरमाड रानास किती वेळ पाणी द्यावे, हे तो जाणतो. पूर्वी हे ज्ञान बापाकडून मुलाकडे जात असे. आता मुलगा नोकरीधंद्यासाठी परगावी जातो आणि म्हातारा पाटकरी गेला की नव्या माणसास सर्व काही चुकतमाकत शिकावे लागते. त्या चुकांची किंमत शेवटच्या टोकाचा शेतकरी देतो.

फड मोडकळीस येण्याचे हे एकच कारण नव्हे. नदीच्या वरच्या अंगास झालेली धरणे, विहिरी व पंप यांचाही त्यात वाटा आहे. परंतु जेथे फड चालू आहेत, तेथे एवढे तरी आपल्या हाती आहे.

माहिती चावडीवर बसवून विचारू नये. चावडीवर पाटकरी चार वाक्ये सांगेल. पाटावर चालताना चाळीस सांगेल. एकदा पाट कोरडा असताना, गाळ काढण्यापूर्वी, बंधाऱ्यापासून टोकापर्यंत त्याच्याबरोबर चालावे व पाणी सुटल्यावर दुसऱ्यांदा चालावे. प्रत्येक चारीस व सांडमीस क्रमांक देऊन नोंदवहीत तिचे स्वतंत्र पान करावे. पाटकरी ‘हातभर पाणी’ म्हणाला तर हातभरच लिहावे व शेजारी मोजपट्टीने घेतलेले माप नोंदवावे. सांगणाऱ्याचे नाव व दिनांक प्रत्येक नोंदीखाली असावा. चूक आढळल्यास जुनी ओळ खोडून टाकू नये. तिच्यावर एक रेघ मारून खाली दुरुस्ती लिहावी. मोबाईलवर छायाचित्रे जरूर घ्यावीत, पण यंत्र बदलले की ती हरवतात. म्हणून वही हीच मुख्य समजावी.

येथे एक नाजूक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. पाटकऱ्याचे ज्ञान हीच त्याची भाकर आहे. सर्व लिहून झाले की आपली गरज संपेल, अशी शंका त्याच्या मनात येणे स्वाभाविक आहे आणि ती नुसत्या गोड बोलण्याने जात नाही. चालण्याच्या दिवसांची मजुरी पंचांनी त्यास द्यावी आणि त्याचे काम चालू राहील असा ठराव आधीच लिहावा. हे न करता घेतलेली माहिती अर्धवट निघाली, तर दोष पाटकऱ्यास देऊ नये.

पाणीपाळीचे जुने करार मात्र एकट्या पाटकऱ्याच्या सांगण्यावरून लिहू नयेत. ते सर्व लाभधारकांच्या सभेत मोठ्याने वाचून दाखवावेत. मतभेद निघाल्यास दोन्ही बाजूंचे म्हणणे लिहावे. निवाडा करणे हे नोंद करणाऱ्याचे काम नव्हे.

वहीच्या दोन प्रती कराव्यात. एक पंचांकडे व दुसरी ग्रामपंचायतीत ठेवावी. 2005 च्या अधिनियमाखाली पाणी वापर संस्था झाली असेल, तर तिच्या दप्तरी पाणीपट्टीच्या हिशेबाशेजारी या वहीस जागा द्यावी. जळगाव जिल्ह्यातील सहकारी संस्थांनाही सचिव बदलताना ही रीत उपयोगी पडेल. तेथे पाटाऐवजी कपाटापासून आरंभ करावा लागेल, इतकेच.

नवा पाटकरी नेमल्यावर त्याने एक संपूर्ण हंगाम जुन्या पाटकऱ्याबरोबर काढावा व वही हाती घेऊन प्रत्येक पान जागेवर ताडून पाहावे. जे वेगळे आढळेल ते त्याने स्वतःच्या अक्षरात खाली लिहावे.