जखम लपवू नका

मारामारीत जखमी झालेला रुग्ण माझ्याकडे बहुधा तिसऱ्या-चौथ्या दिवशी येतो. तोवर जखमेत हळद, चहापत्ती नाहीतर तंबाखू भरलेली असते आणि पू झालेला असतो. विचारले तर ‘पत्रा लागला’, ‘मोरीत घसरलो’ अशी उत्तरे मिळतात. मुठीवरची जखम समोरच्याचा दात लागून झाली आहे, हे पुष्कळदा पाहताच लक्षात येते. अशी जखम छोटी दिसते. पण तोंडातील जंतू सांध्यापर्यंत पोहोचले आणि उपचाराला उशीर झाला, तर बोट कायमचे आखडू शकते.

हा उशीर का होतो? हातावर पोट असलेल्या वस्तीत ‘पोलीस केस’ या शब्दांची धास्ती जखमेपेक्षा मोठी असते. रोज बुडणार, कोर्टाच्या खेपा पडणार आणि मारणारा त्याच गल्लीत राहणार! ही भीती अगदीच खोटी नाही. परंतु तिच्यात काही गैरसमज मिसळले आहेत.

पहिला गैरसमज असा, की आधी पोलीस ठाणे, मग उपचार. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात स्पष्ट सांगितले, की जखमीचा जीव वाचवणे हे सरकारी व खाजगी अशा प्रत्येक डॉक्टरचे पहिले कर्तव्य आहे, कागदपत्रे नंतर. अॅसिड हल्ला व बलात्कार यांतील पीडितांवर सर्व रुग्णालयांनी तातडीने मोफत उपचार केले पाहिजेत, हे २०१३ मध्ये कायद्यात आले. २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेतही ते कायम आहे.

दुसरा गैरसमज म्हणजे डॉक्टरांची नोंद हीच फिर्याद. तसे नाही. जखम कोठे, केवढी व कशाने झालेली दिसते, हे डॉक्टर लिहितात आणि पोलिसांना कळवतात. दोषी कोण, हे ते ठरवत नाहीत. पुढे प्रकरण कोर्टात गेलेच, तर ही नोंद जखमी माणसाच्याच कामी येते.

रुग्णालयात पोहोचेपर्यंत एवढे करा :

• रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा. कापड भिजले तर काढू नका, त्यावर दुसरे ठेवा.
• रुतलेला चाकू किंवा काच उपसू नका.
• पोटात भोसकले असेल तर जखम लहान असली तरी पाणीसुद्धा पाजू नका. रक्तस्राव आत चालू असू शकतो.
• डोक्याला मार लागल्यावर उलटी किंवा गुंगी आली, तर झोपू देऊन वाट पाहू नका.
• १०८ वर रुग्णवाहिका, ११२ वर पोलीस मिळतात.
• धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा.

खरे सांगण्याचा फायदा साऱ्या वस्तीला होतो. ब्रिटनमधील कार्डिफ शहरात जोनाथन शेफर्ड या शल्यचिकित्सकांना आढळले, की रुग्णालयात येणाऱ्या मारहाणीच्या पुष्कळ घटना पोलिसांना ठाऊकच नसतात. मग तेथे रुग्णाचे नाव न देता जागा, वेळ व हत्यार एवढीच माहिती पोलीस व नगरपालिकेला देण्यास सुरुवात झाली. नेमक्या जागी गस्त वाढली आणि मारहाणीत जखमी होऊन दाखल होणाऱ्यांची संख्या घटली. आपल्याकडेही कोणत्या अंधाऱ्या बोळात वारंवार मारहाण होते, हे वस्तीला ठाऊक असते. नगरसेवकाकडे दिव्याची मागणी चार घरांनी मिळून करावी.

आणि जखम कोणी केली हे सांगण्याचा आज धीर होत नसेल, तरी ती कशाने आणि केव्हा झाली, एवढे डॉक्टरांना खरे सांगा. उपचार त्यावरच ठरतो.