एक ‘डेट’, दोन अर्थ : इंग्रजी शब्दांच्या उच्चाराविषयी

उल्हासनगरच्या कापडपेठेत, अंबरनाथ व बदलापूरच्या औद्योगिक वसाहतींत इंग्रजी शब्द आता परका राहिलेला नाही. बिल, स्टॉक, ऑर्डर, डिलिव्हरी हे शब्द व्यापारी कुटुंबांच्या बोलीत केव्हाच रुळले आहेत. मात्र देवनागरीत उतरताना यांतील कित्येक शब्दांचे आपसांतील भेद पुसले गेले. परप्रांतीय किंवा परदेशी ग्राहकाशी दूरध्वनीवर बोलताना नेमके तेच भेद महत्त्वाचे ठरतात.

‘डेट’ हाच शब्द पाहावा. डी-ए-टी-ई म्हणजे तारीख. डी-ई-बी-टी म्हणजे कर्ज. मराठीत दोन्ही एकसारखेच लिहिले जातात. ‘सेल’ म्हणजे विक्री आणि ‘सेल’ म्हणजे विकणे. ‘लेटर’ म्हणजे पत्र आणि ‘लेटर’ म्हणजे नंतर. किराणा व्यापाऱ्याच्या दृष्टीने तर ‘पेपर’ म्हणजे कागदही आणि मिरीही! इंग्रजी कानाला मात्र या जोड्यांतील दोन्ही शब्द सर्वस्वी निराळे ऐकू येतात. तारीख, विक्री, नंतर व कागद या अर्थांच्या शब्दांत ‘ए’ लांब असून शेवटी किंचित ‘इ’कडे झुकतो, कर्ज, विकणे, पत्र व मिरी या अर्थांच्या शब्दांत तो आखूड, तुटक असतो.

हा घोटाळा होण्याचे कारण लिपीत आहे. कन्नड, तेलुगू व तमिळ लिपींत ऱ्हस्व आणि दीर्घ ‘ए’साठी स्वतंत्र अक्षरे आहेत, मराठीत एकच. बॅट, बॉल यांसारख्या शब्दांसाठी मराठीने ‘ॲ’ व ‘ऑ’ ही चिन्हे स्वीकारली, परंतु ऱ्हस्व ‘ए’साठी वेगळे चिन्ह रूढ झाले नाही.

जैन वाचकांना हा भेद तसा नवा नाही. प्राकृत व्याकरणात जोडाक्षरापूर्वीचे ‘ए’ आणि ‘ओ’ ऱ्हस्व मानले जातात. ‘णमोक्कार’ शब्दातील ‘मो’ म्हणूनच आखूड. इंग्रजी लेखनातही बरीचशी अशीच खूण सापडते. ‘ई’ या अक्षरानंतर दोन व्यंजने आली, तर स्वर बहुधा आखूड असतो. विकणे या शब्दात दोन ‘एल’, पत्रात दोन ‘टी’, मिरीत दोन ‘पी’ आहेत. उलट तारीख व विक्री या शब्दांत ‘ए’ अक्षरानंतर एकच व्यंजन आणि शेवटी मूक ‘ई’ असते. तेथे स्वर लांब होतो. अपवाद अर्थातच आहेत. ‘मेनी’ म्हणजे पुष्कळ या शब्दात अक्षर ‘ए’ असले, तरी उच्चार आखूडच.

कर्जाच्या शब्दातील ‘बी’ मात्र कधीच उच्चारू नये. हा शब्द फ्रेंचमधून ‘बी’विना इंग्रजीत आला, पुढे विद्वानांनी त्याचे लॅटिन मूळ दाखवण्यासाठी ते अक्षर घातले. पावतीच्या ‘रिसीट’ शब्दातील ‘पी’चीही हीच कथा. लेखन बदलले, जिभेचे वळण बदलले नाही.

यासाठी शब्दकोश कसा पाहावा, हे शिकणे अगत्याचे आहे. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश 1831 साली आणि मोल्सवर्थ व कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश 1847 साली प्रसिद्ध झाला. शब्दार्थाची ही परंपरा महाराष्ट्रात जुनी आहे. परंतु उच्चारासाठी परभाषिक विद्यार्थ्यांकरिता रचलेला कोश हाती घ्यावा. ए. एस. हॉर्नबी यांचा अशा स्वरूपाचा कोश प्रथम 1942 साली जपानमध्ये निघाला. ऑक्सफर्डचा विद्यार्थी-कोश त्याचाच वारसा. त्यात सोप्या इंग्रजीत व्याख्या, वाक्यातील उपयोग आणि ध्वनिचिन्हे मिळतात. तारखेच्या शब्दात स्वराची दोन चिन्हे जोडून दिसतात, कर्जाच्या शब्दात एकच. अक्षरसमूहाआधीची उभी रेघ आघात कोठे द्यायचा ते सांगते. ‘एक्स्पोर्ट’ हे नाम असेल तर आघात आरंभी, क्रियापद असेल तर शेवटी.

घरी एक वही ठेवावी. दुकानातील रोजचे पाच शब्द घ्यावेत. प्रत्येकासमोर इंग्रजी लेखन, मराठी अर्थ आणि एक वाक्य लिहावे. ‘ए’ लांब असेल तेथे खाली रेघ ओढावी. मुलांनी मोठ्याने वाचावे, आजी-आजोबांनी नुसते ऐकून अर्थ सांगावा. ऐकणाऱ्याला तारीख आणि कर्ज न चुकता वेगळे ओळखता आले, म्हणजे उच्चार साधला. तोवर व्यवहारात तारीख सांगताना महिन्याचे नाव आणि रक्कम सांगताना आकडा स्पष्ट उच्चारण्याची शिस्त पाळावी.