जयपूरची रास कोणती?

माणसाची पत्रिका मांडतात, घराची वास्तुशांत करतात. गावाची पत्रिका मात्र सहसा कुणी मांडत नाही, कारण बहुतेक गावांना जन्मवेळच नसते. नदीकाठी चार घरं होतात, त्यांची चाळीस होतात, आणि गाव कधी झालं हे कुणालाच सांगता येत नाही. जयपूरचं तसं नाही. ते मुहूर्त काढून, दोरी लावून वसवलेलं शहर. वसवणारा राजाही असा, की त्याने दिल्ली, जयपूर, उज्जैन, काशी आणि मथुरा अशा पाच ठिकाणी वेधशाळा बांधल्या. सवाई जयसिंहाच्या या शहराची रास काढायला बसलं, तर तो निव्वळ पोरखेळ ठरत नाही. फार तर निम्मा.

इतिहासाची पुस्तकं स्थापनेची तारीख देतात १८ नोव्हेंबर १७२७. रविवारच्या पुरवणीतल्या राशिभविष्याप्रमाणे ही वृश्चिक. पण ही तारीख जुन्या ज्युलियन कॅलेंडरची आहे. आजच्या कॅलेंडरात तो दिवस २९ नोव्हेंबरला येतो, म्हणजे तेच भविष्यवाले आता धनू म्हणणार. आपल्या पंचांगाला या भानगडीशी काही देणंघेणं नाही. संवत १७८४, पौष वद्य प्रतिपदा, शनिवार. उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो म्हणून तो पौष; आपल्याकडे तोच दिवस मार्गशीर्ष वद्य प्रतिपदा, दत्तजयंतीच्या पाठोपाठचा. निरयन गणित मांडलं की सूर्य वृश्चिकेत सापडतो आणि पौर्णिमा नुकतीच उलटलेली असल्याने चंद्र त्याच्या समोर, वृषभेत. आपण ‘तुझी रास कोणती’ असं विचारतो तेव्हा चंद्राचीच रास विचारत असतो. तेव्हा जयपूरची रास वृषभ. चंद्र उच्चीचा, स्वामी शुक्र.

शुक्राचा अंमल पाहायला फार लांब जावं लागत नाही. बडी चौपडीवरून जोहरी बाजारात शिरलं की सुरुवात होते. लहरियाच्या ओढण्या, मीनाकारीचे डूल, मणिहारांच्या रस्त्यात शेगडीवर लाख मऊ करून डोळ्यांदेखत मनगटाच्या मापाची होणारी बांगडी, श्रावणात तीजेच्या आगेमागे कढईतून निथळणारे घेवर. या शहराला खाणं, लेणं आणि नेसणं यांत कंजूषपणा ठाऊक नाही. खरं जयपूर मात्र जोहरी बाजाराच्या आतल्या गल्ल्यांत भेटतं. तिथे दलाल रस्त्यातच उभे असतात. खिशातून घडी घातलेली पांढऱ्या कागदाची पुडी निघते, तळहातावर उघडते. आत हिरवे खडे. गिऱ्हाईक एक खडा चिमट्यात धरतं, उजेडाकडे करतं, आतल्या रेषा न्याहाळतं आणि मान हलवतं. पुडी मिटते, पुढच्या माणसापुढे उघडते. झांबिया, कोलंबिया, ब्राझीलच्या खाणींतला पाचू पैलू पाडायला इथे येतो आणि इथूनच जगभर जातो. ज्योतिषाच्या दृष्टीने यात एक गंमत आहे. वृषभेचं रत्न हिरा, पण त्याला पैलू पाडण्याचा धंदा सुरतेने उचलला. जयपूरच्या वाट्याला आला बुधाचा पाचू. बाराही राशींना अंगठीतले खडे पुरवणाऱ्या या गावाचा स्वतःचा मोठा व्यापार परक्या राशीच्या रत्नावर चालतो.

एवढ्यावर मामला संपला असता तर जयपूर हे नुसतं शौकीन गाव ठरलं असतं. पण पत्रिकेत वृश्चिकेचा सूर्य आहे, त्याचा स्वामी मंगळ, आणि तो डोंगरावर बसला आहे. शहराच्या वायव्येला नाहरगड, आमेरच्या माथ्यावर जयगड. विद्याधर भट्टाचार्य या बंगाली नियोजकाने शहर नऊ चौकड्यांत आखलं. नवग्रहांशी त्यांचा संबंध जोडण्याची रीत आहे. वायव्येची चौकडी डोंगराने बसू दिली नाही, तेव्हा ती उचलून आग्नेयेला नेऊन लावली. नकाशा पाहिला की ते ठिगळ आजही कळतं. मला तर शहराचा सगळ्यांत जिवंत भाग तोच वाटतो.

वृश्चिक रास गुपितं राखते म्हणतात. आणीबाणीत, १९७६ साली, जयगडावर दडवलेल्या खजिन्यासाठी सरकारने मोठी शोधमोहीम काढली. खजिना मिळाल्याचं सरकारने कधी सांगितलं नाही, आणि जयपूरकरांचा त्यावर कधी विश्वास बसला नाही.

नांगीचा अनुभव मात्र आपण मराठ्यांनीच घेतला आहे. जयसिंह असेतोवर संबंधांत सौजन्यही होतं. बाजीरावाच्या मातोश्री राधाबाई उत्तरेच्या यात्रेला गेल्या तेव्हा त्याने त्यांची सरबराई केली. वेधशाळेचं गणित सांभाळणारे आणि ‘सम्राटसिद्धान्त’ लिहिणारे जगन्नाथ सम्राट हे महाराष्ट्रीय ब्राह्मण होते. पण १७४३ साली जयसिंह गेला आणि मुलांत गादीचा तंटा लागला. मराठे पैशांसाठी कधी या बाजूला, कधी त्या बाजूला. डिसेंबर १७५० मध्ये मल्हारराव होळकरांची फौज खंडणीसाठी चालून येत असताना ईश्वरीसिंहाने विष घेतलं, नाग डसवून घेतला आणि जीव दिला. भाऊ माधोसिंह मराठ्यांच्याच मदतीने गादीवर आला. पुढच्याच महिन्यात, नवं शहर पाहायला निर्धास्त आत शिरलेल्या मराठ्यांवर दरवाजे बंद झाले आणि जयपूरकरांनी त्यांची कत्तल केली. ईश्वरीसिंहाने विजयाखातर उभारलेला ईसरलाट मनोरा त्रिपोलिया बाजारालगत अजून उभा आहे. मराठी पर्यटक हवामहल पाहून त्याच्या बाजूने जातात. मान वर करून पाहणारे थोडे.

गुलाबी रंगाचं श्रेय शुक्राला देण्याचा मोह होतो, पण तो १८७६ सालचा. इंग्लंडचे युवराज येणार म्हणून रामसिंहाने शहर रंगवून घेतलं. १७९९ सालचा हवामहल म्हणाल, तर तिथे दोन्ही राशी आपापला वाटा मागतील: दर्शनी भाग नटवा, आणि ९५३ खिडक्यांतून आतल्या बायकांना रस्ता दिसावा पण रस्त्याला त्या दिसू नयेत अशी तजवीज.

रास शोधत आलेल्याने जंतरमंतर चुकवू नये. सम्राट यंत्र २७ मीटर उंच आहे. त्याच्या सावलीची कड दर सेकंदाला जवळपास एक मिलिमीटर सरकते. बोट टेकवून उभं राहिलं तर वेळ बोटावरून पुढे गेलेली दिसते. ही वेळ जयपूरची. घड्याळाशी जुळवायची तर साधारण २७ मिनिटं आणि ऋतुमानाप्रमाणे थोडी आणखी दुरुस्ती. पलीकडेच राशिवलय, बारा राशींची बारा लहान यंत्रं. जगात दुसरीकडे असं काही नाही. प्रत्येकावर राशीचं चित्र आहे, त्यामुळे लोक आपापली रास हुडकून फोटो काढून घेतात. बाराही यंत्रांची तोंडं वेगवेगळी, उतार वेगवेगळे. कारण प्रत्येकाचा क्षण ठरलेला. त्या राशीचा आरंभ मध्यान्हवृत्तावर आला की तेवढ्यापुरतं ते यंत्र ग्रहांचे भोग आणि शर थेट दाखवतं. मग पुढच्या यंत्राची पाळी. वृषभ आणि वृश्चिक या समोरासमोरच्या राशी असल्याने त्यांच्या पाळ्यांत बरोबर बारा नाक्षत्र तासांचं अंतर पडतं, आणि जयपूरच्या पत्रिकेतली ही दोन यंत्रं एकाच वेळी कधीच कामाला लागत नाहीत.